रिप्लेवर नुसते शेरे नकोत, घड्याळातली वेळ सांगा

संपादक महोदय,

आपल्या ई-स्पोर्ट्सच्या पानावर फायटिंग गेम खेळणाऱ्या नवोदितांना ‘आपल्या मॅचचं रेकॉर्डिंग जाणकाराला दाखवा’ असा सल्ला दिला होता. सल्ला रास्त आहे. पण जाणकाराने ते रेकॉर्डिंग पाहायचं कसं, हे राहून गेलं आणि घोळ होतो तो तिथेच. ‘ब्लॉक जास्त कर’, ‘कॉम्बो पाठ कर’, ‘घाई नको’ एवढ्यावर बहुतेक अभिप्राय आटोपतात. हे कुठल्याही मॅचला, ती न पाहताही, लिहिता येतं.

एक नमुना घेऊ. गेम ‘स्ट्रीट फायटर ६’, खेळाडूकडे केन हे पात्र. दुसरी फेरी, घड्याळात ३६ (ते उलटं मोजत खाली येतं). केन कोपऱ्यात पडलाय. उठता उठता तो शोर्युकेन (उसळी घेत वर मारायचा ठोसा) मारतो, पण समोरच्याचा ठोसा आधी बसतो आणि पुढच्या कॉम्बोत, म्हणजे जोडून आलेल्या वारांत, फेरी जाते. ‘उठताना शोर्युकेन मारू नको’ हा ठरलेला शेरा. आता रेकॉर्डिंग ४४ पर्यंत मागे न्या. ड्राइव्ह गेजच्या (खास चाली ज्यावर चालतात त्या साठ्याच्या) सहापैकी तीनच बार उरलेत आणि केनने ब्लॉक झालेली लाथ कॅन्सल करून, म्हणजे मध्येच तोडून, ड्राइव्ह रश (पुढे झेपावणारी धाव) घेतलाय. त्याची किंमत बरोबर तीन बार. गेज शून्यावर, म्हणजे बर्नआउट: गेज पुन्हा भरेपर्यंत तो वापरता येत नाही. इथून पुढचं सगळं ओघाने आलं. बर्नआउटमध्ये समोरच्याचा प्रत्येक ब्लॉक केलेला वार त्याला ४ फ्रेम (फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) जास्तीच्या देऊन जातो, म्हणून केन मागे सरत कोपऱ्यात गेला. कोपऱ्यात बर्नआउट असताना समोरच्याचा ड्राइव्ह इम्पॅक्ट (सावकाश येणारा जड वार) ब्लॉक केला तरी भोवळ येते, म्हणून ब्लॉक करायची भीती. आणि जमिनीवरचे वार अंगाला न लागता पार जाणारा शोर्युकेन असतो तो ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वाढीव ताकदीचा, त्याला गेज लागतो. साध्याला ते संरक्षण नाही. म्हणजे खेळाडू ३६ ला हरला नाही, ४४ ला हरला. उपयोगी अभिप्राय असा लिहायचा: ‘दुसरी फेरी, ४४. तीन बार असताना ब्लॉक झालेल्या लाथेवर ड्राइव्ह रश घेतलास. लागलेल्या लाथेवर घे, नाहीतर बार राखून ठेव.’ (त्या क्षणी सुपर, म्हणजे वेगळ्या गेजवरचा मोठा वार, शिल्लक होता का, हेही पाहावं. सुपर ड्राइव्ह गेजवर चालत नाही, आणि घाबरलेला खेळाडू तो हमखास विसरतो.)

खेळाडूने काय पाठवावं? आपल्या तोडीच्या किंवा किंचित सरस प्रतिस्पर्ध्याकडून हरलेली एक अख्खी मॅच, न कापता, बटणांची नोंद पडद्यावर चालू ठेवून. सोबत दोन ओळी: आपलं कुठे चुकलं असं वाटतं आणि त्या वेळी मनात काय होतं. जिंकलेल्या मॅचचे निवडक तुकडे पाठवणाऱ्याला अभिप्राय नको असतो, शाबासकी हवी असते.

पाहणाऱ्याने पहिल्यांदा न थांबवता, मूळ वेगात पाहावं आणि फक्त फेरी व घड्याळातली वेळ टिपत जावं. थांबवत, मागेपुढे करत पाहणं दुसऱ्या खेपेला. तिसरी खेप बहुतेक जण गाळतात: पूर्ण मॅच प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पाहायची. त्याला कोणती गोष्ट वारंवार फुकट मिळत गेली, हे तिथे लख्ख दिसतं.

मोजल्याशिवाय बोलू नये. समजा, समोरच्याने अकरा उड्या मारल्या आणि आपल्या खेळाडूने तीनच हवेत पाडल्या. ‘अँटी-एअर (उडी हवेतच पाडणं) कच्चं आहे’ एवढं तो स्वतःही जाणतो. उरलेल्या आठ उड्यांपाशी बटणांची नोंद उघडा. काही ठिकाणी काहीच दाबलेलं नसतं, म्हणजे उडी दिसलीच नाही, लक्ष दुसरीकडे होतं. काही ठिकाणी बरोबर आज्ञा आहे पण उशिरा. काही ठिकाणी वेळ बरोबर, पण शोर्युकेनऐवजी हाडोकेन (समोर फेकायचा ऊर्जागोळा) निघाला, म्हणजे दोष बोटांचा. आणि एक चौथा प्रकार, जो नोंदीत नाही तर पडद्यावर सापडतो: उडी आली तेव्हा खेळाडू स्वतःच्याच हाडोकेनमधून सावरत होता. तिथे अँटी-एअरचा प्रश्नच नाही. एकाच अंतरावरून, एकाच लयीत हाडोकेन सोडल्यामुळे समोरच्याने ती वेळ ओळखली. चारही गोष्टींवरचे उपाय वेगळे, आणि ‘अँटी-एअरचा सराव कर’ हे त्यातल्या एक-दोनांनाच लागू पडतं.

दुसरा नेहमीचा अन्याय म्हणजे हरलेल्या अंदाजाला चूक म्हणणं. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे ०.४३ सेकंद; तो पाहून उत्तर देता येतं, द्यायलाच हवं. थ्रो (पकडून फेकणं) ५ फ्रेममध्ये लागतो, ०.०८ सेकंद. तो बघून नव्हे, अंदाजाने सोडवायचा असतो. एखाद्या वेळी थ्रो लागला म्हणून खेळाडूला धारेवर धरू नका. मात्र नऊ वेळा पडून उठताना सात वेळा जॅबच (झटपट हलका ठोसा) दाबला असेल, तर ती सवय झाली आणि समोरचा ती वाचतोय. हे जरूर लिहा. जे चापल्य वाटतं त्यातही बऱ्याचदा अंदाजच असतो. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत डायगो उमेहाराच्या केनने जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या सुपरचे १५ वार पॅरी केले, म्हणजे ऐन क्षणी आज्ञा देऊन परतवले, तेव्हाही पहिला पॅरी सुपर येणार हे आधीच ताडून द्यावा लागला होता. म्हणून अभिप्रायात ‘इथे तुला काय येईल असं वाटलं होतं?’ हा प्रश्न हवाच. पडद्यावर निर्णय दिसतो, कारण दिसत नाही.

ऑनलाइन मॅचबाबत एक खबरदारी. रोलबॅक पद्धतीत (नेट मागे पडलं की गेम समोरच्याची चाल अंदाजाने दाखवतो आणि मग दुरुस्त करतो) रिप्ले स्वच्छ दिसतो, पण खेळताना खेळाडूच्या पडद्यावर चित्र झटके खात असेल, समोरच्याचा वार मधूनच उगवत असेल. ते गेमने साठवलेल्या रिप्लेत उमटत नाही. कनेक्शन कसं होतं हे विचारल्याशिवाय ‘इम्पॅक्ट कसा दिसला नाही?’ असं विचारू नये.

पनिश (समोरच्याच्या फसलेल्या वाराला उलट वार) हुकलेल्या जागा सोप्या. त्यावर फार शाई खर्चू नये. ब्लॉक केल्यावर समोरचा ५ फ्रेम मागे असेल, म्हणजे तेवढा उशिरा मोकळा होत असेल, तर ४ फ्रेमचा जॅब लागतो, पण तेवढं अंतर पोहोचत असेल तरच. आकडा बघून ‘इथे जॅब हवा होता’ लिहिणारे अंतर बघत नाहीत आणि खेळाडू हवेत ठोसे मारत बसतो. शंका असेल तर ट्रेनिंग मोडमध्ये तीच स्थिती मांडून पाहावी. ‘टेकन ८’ सारख्या गेममध्ये तेवढेही कष्ट नाहीत, रिप्ले थांबवून त्याच जागेपासून पात्र आपल्या हाती घेता येतं.

शेवटी खेळाडूच्या हाती काय द्यायचं? वीस चुकांची यादी मुळीच नको. दोन मुद्दे पुरेत, आणि त्यातल्या एकाचाच सराव. उडी दिसत नसेल तर ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पात्राच्या तीन हालचाली रेकॉर्ड कराव्यात: उडी, हाडोकेन, आणि पुढे चालत येऊन थ्रो. त्या उलटसुलट क्रमाने चालू ठेवून रोज पंधरा मिनिटं. नुसती उडीच रेकॉर्ड केली तर दहापैकी दहा पडतात आणि मॅचमध्ये पुन्हा एकही पडत नाही, कारण मॅचमध्ये उडीची वाट पाहत कोणी उभं नसतं. आठवड्याने नवी मॅच मागवावी. ती जिंकली की हरली हे विचारू नये. किती उड्या आल्या आणि किती पाडल्या, एवढेच दोन आकडे जुन्या आकड्यांशेजारी मांडावेत.

आपले,
फायटिंग गेमच्या खेळाडूंचा सराव घेणारे काही वाचक