आडनाव एक, मूळपुरुष किती?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकाच आडनावाच्या माणसांनी संमेलन भरवावे, वंशावळ मांडावी आणि आपला मूळपुरुष कोण याचा शोध घ्यावा, ही हौस जुनी आहे. तिला आता डीएनए चाचणीची जोड मिळाली आहे. चाचणीला माझा विरोध नाही. पण ती करण्यापूर्वी जे ठरवायला हवे ते न ठरवताच उत्साहाच्या भरात नमुने गोळा होतात आणि निकाल हाती आल्यावर कोण आपला, कोण परका याची कुजबुज सुरू होते. म्हणून माझी सूचना अशी आहे की, एखाद्या घराचा निकाल जुळला नाही तरी त्या घराचे कुळातले स्थान हलणार नाही, हे संमेलनाने पहिला नमुना घेण्याआधीच लेखी ठरवून टाकावे. निकाल आल्यानंतर असा ठराव करू गेल्यास तो त्या एका घरावर केलेल्या उपकारासारखा दिसतो.

आडनावाच्या शोधात प्रामुख्याने उपयोगी पडते ती वाय गुणसूत्राची चाचणी. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे बहुतांशी जसेच्या तसे जाते, आणि आडनावही जिथे बापाकडून मुलाकडे जाते तिथे या दोहोंची वाट एकच असते. नक्कल होताना अधूनमधून एखादा किरकोळ बदल घडतो व अशा बदलांच्या मोजणीवरून दोन पुरुषांचा सामाईक पूर्वज किती मागे असावा याचा अंदाज बांधता येतो. प्रयोगशाळेकडून येणारा निकाल दिसायला अगदी रुक्ष असतो: डीवायएस ३९३ या जागी १३, डीवायएस ३९० या जागी २४, डीवायएस ३९१ या जागी ११, अशी आकड्यांची एक ओळ. गुणसूत्राच्या त्या त्या ठिकाणी एक छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला आहे, त्याची ही मोजदाद असते. दोघांच्या ओळी एकाखाली एक मांडायच्या आणि कुठे फरक पडतो ते पाहायचे. केवळ १२ जागा जुळल्या म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण काही आकडेमालिका इतक्या सर्रास आढळतात की एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या माणसांतही त्या जुळतात. ३७ किंवा १११ जागा तपासल्यावर निष्कर्षाला वजन येते. तरीही उत्तर ‘काही पिढ्यांपूर्वी’ असेच मिळते. तो पूर्वज नेमका कोण, त्याचे नाव काय, हे चाचणी सांगत नाही. ते कागदांतूनच काढावे लागते.

आडनाव सारखे म्हणजे रक्त एक, हा समज किती खरा आहे याचा अभ्यासही झालेला आहे. ब्रायन साइक्स या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाने २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्यांची मालिका एकच निघाली. मात्र त्या वेळी तपासलेल्या जागा अवघ्या चार होत्या. पुढे २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास केला. त्यातून दिसले ते असे की, आडनाव जितके विरळ तितकी त्यातील माणसे एका पूर्वजाची असण्याची शक्यता जास्त. अ‍ॅटनबरो या दुर्मीळ आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांची वंशरेषा एकच निघाली, तर स्मिथ आडनावाच्या दोन पुरुषांत, वाटेल त्या दोन माणसांत आढळावे त्याहून अधिक साम्य दिसले नाही. स्मिथ हे धंद्यावरून पडलेले आडनाव. लोहार गावोगावी असत आणि प्रत्येक गावचा मूळपुरुष वेगळा.

धंद्यावरून, हुद्द्यावरून किंवा गावावरून पडलेल्या कोणत्याही आडनावाला हेच लागू होते. कायद्याने आलेल्या आडनावांचे तर विचारूच नये. नेदरलँड्समध्ये नेपोलियनच्या १८११ च्या हुकमानंतर आणि तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्यानंतर असंख्य कुटुंबांनी आडनावे धारण केली, त्यामुळे तिथे आडनावाच्या धाग्याने फार मागे जाताच येत नाही. आइसलँडमध्ये बहुतेकांचे शेवटचे नाव म्हणजे बापाचे किंवा आईचे नाव, ते पिढीगणिक बदलते. कोरियात लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश लोक किम आहेत. कोणते किम हे ओळखण्यासाठी तिथे आडनावाबरोबर कुळाचे मूळ ठिकाणही सांगतात. तेव्हा संमेलनाच्या संयोजकांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा की, आपले आडनाव एका घरातून निघाले असण्याचा संभव मुळात किती आहे? तो संभव कमी असेल तर मोठ्या खर्चाची सामूहिक चाचणी करून ‘आपण अनेक कुळे आहोत’ हे आधीच माहीत असलेले उत्तर विकत घेण्यात काय हशील?

संभव असेल, तरी शंभर जणांचे नमुने घेण्याची घाई करू नये. आधी वंशावळ पाहावी. तिच्यात ज्या दोन शाखा सर्वांत आधी फुटल्या, त्यांतला एकेक पुरुष निवडून दोघांचीच तपासणी करावी. दोघांची मालिका जुळली तर वंशावळीतील सामाईक मूळपुरुषाची मालिकाही साधारण तीच असली पाहिजे, आणि कागदावरच्या दोन्ही ओळींना एकाच वेळी दुजोरा मिळतो. जुळली नाही, तर प्रत्येक शाखेतला आणखी एकेक माणूस घेऊन विसंगती कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. पाच-सहा नमुन्यांत जे काम नीट होते, त्यासाठी साऱ्या मंडपाला रांगेत उभे करण्याचे कारण नाही.

संमेलनाचे खरे बळ चाचणीत नाही, हेही सांगितले पाहिजे. लांबलचक टेबलावर वंशावळीचा कागद पसरलेला असतो, चार बाजूंनी माणसे वाकून आपापले नाव शोधत असतात, आणि एखादी ऐंशीच्या पुढची आजी बोट ठेवून सांगते की या दोघांच्या मध्ये आणखी एक मुलगा होता, तो दुसऱ्या वर्षीच गेला. किंवा हा थोरला नव्हे, थोरला तो, कारण याच्या लग्नात त्याची मुले कळती होती. कोणत्याही दफ्तरात न सापडणारी ही माहिती तिच्याबरोबर संपणार असते. शेजारी एखादा तरुण पेन्सिल घेऊन बसलेला असावा, सांगणारीचे नाव, नाते आणि तारीख समासात लिहिणारा. दोन शाखांनी एकाच माणसाविषयी दोन वेगळ्या हकीकती सांगितल्या तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. त्यांतली कोणती खरी, याचा निवाडा तिथल्या तिथे करू नये. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवरची नावे, पत्रांवरचे पत्ते, जमिनीचे दस्त, जन्ममृत्यूच्या नोंदी हे सगळे अशा दिवशी एकत्र येते. ते हाताशी असले की चाचणीच्या निकालाला अर्थ येतो. एरवी ती नुसती आकड्यांची ओळ.

आता निकाल न जुळण्याविषयी. तो जुळला नाही की ऐकणाऱ्यांचे मन सर्वप्रथम एखाद्या पूर्वज स्त्रीच्या चारित्र्याकडे धावते, आणि ही गोष्ट मला अत्यंत अशोभनीय वाटते. दत्तक घेतलेला मुलगा, आईच्या दुसऱ्या लग्नानंतर सावत्र वडिलांचे नाव लावणारा मुलगा, आजोळी वाढून तिथलेच आडनाव घेतलेला नातू, मालकाचे किंवा गावाचे नाव धारण केलेला माणूस, किंवा वंशावळ लिहिणाऱ्याने दोन सारख्या नावांची केलेली गल्लत, यांपैकी कोणत्याही कारणाने मालिका तुटते. पश्चिम युरोपातील अभ्यासांत, कागदोपत्री बाप आणि जैविक बाप वेगळे असण्याचे प्रमाण पिढीमागे साधारण एक टक्का आढळले आहे. एका पिढीत हे नगण्य वाटते. पण १५ पिढ्यांच्या वंशरेषेत कुठेतरी एकदा तरी असे घडलेले असण्याची शक्यता याच हिशेबाने १४ टक्क्यांच्या घरात जाते. राजघराणीही याला अपवाद नाहीत. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडले. ते त्याचेच असल्याला आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएने बळकटी दिली. त्याच्या पुरुषवंशातील म्हणून ज्या पाच जणांचे नमुने घेतले, त्यांच्यापैकी एकाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही, आणि त्या पाचांतला एक तर बाकीच्या चौघांशीही जुळला नाही. लेखी वंशावळ ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, त्यांची ही गत.

संमेलन आणि चाचणी यांची गाठ पडल्यावर काय होऊ शकते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या वंशजांचे आहे. जेफरसन यांच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिची मुले जेफरसन यांच्यापासून झाली, असे तिच्या वंशजांचे पिढीजात सांगणे होते; जेफरसन यांच्या नातवंडांकडून मात्र ती मुले कार नावाच्या भाच्यांची असल्याचे सांगितले जाई. जेफरसन यांचा औरस मुलगा जगला नव्हता, म्हणून १९९८ मध्ये त्यांच्या चुलत्याच्या पुरुषवंशजांची मालिका तपासण्यात आली. ती सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळली आणि कार घराण्याशी जुळली नाही. त्याच वेळी, आपणही जेफरसन यांचेच वंशज असे सांगत आलेल्या वुडसन कुटुंबाची मालिकाही जुळली नाही. म्हणजे एकाच चाचणीने एका घराची आठवण उचलून धरली आणि दोन घरांच्या आठवणींना धक्का दिला. तरीही एस्टनचा बाप स्वतः थॉमस की जेफरसन घराण्यातला दुसरा कोणी पुरुष, हे केवळ गुणसूत्रावरून ठरत नव्हते; प्रत्येक गर्भधारणेच्या सुमारास जेफरसन मॉन्टिसेलो या आपल्या वास्तूत होते, या नोंदींशी सांगड घातल्यावर बहुतेक इतिहासकारांनी पितृत्व मान्य केले.

पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. जेफरसन यांच्या वंशजांची संघटना दरवर्षी मॉन्टिसेलो येथे जमते आणि तिथली कुटुंबाची दफनभूमी तिच्याच ताब्यात आहे. १९९९ मध्ये हेमिंग्जच्या वंशजांना त्या मेळाव्याचे निमंत्रण मिळाले; पण २००२ मध्ये त्यांना सभासद करून घेण्याचा प्रस्ताव बहुमताने फेटाळला गेला. हा नकार देणारे सारे सभासद जेफरसन यांच्या मुलींकडून आलेले, म्हणजे त्या मुलींच्या वाटेने त्यांच्यापैकी कोणाकडेही जेफरसनांचे वाय गुणसूत्र पोहोचणे शक्यच नव्हते! ते ज्यांच्याकडे होते ते दाराबाहेर राहिले. कोणाला कुळात घ्यायचे हे शेवटी माणसेच ठरवतात, मग ते आधी आणि उघडपणे ठरवावे, या माझ्या आग्रहाचे कारण यातच आहे.

मुलींचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला त्या एका पायरीवर १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात, आणि आडनावाची वाट त्यांतल्या एकाच जागेपर्यंत जाते. उरलेल्या १,०२३ जागांविषयी वाय गुणसूत्र अवाक्षर काढत नाही, आणि आडनावाभोवती रचलेली वंशावळही सहसा गप्पच असते. तिच्यात सुना नुसत्या पहिल्या नावाने येतात आणि लेकी लग्नानंतर अदृश्य होतात. कन्फ्यूशियसच्या वंशाची चीनमधील प्रचंड वंशावळ २००९ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात वीस लाखांहून अधिक नावे होती आणि स्त्रियांना प्रथमच स्थान देण्यात आले होते. तिथे जे जमले ते पाच-पन्नास घरांच्या कुलवृत्तांतात जमायला काहीच हरकत नाही. मुलींची, त्यांच्या मुलांची आणि सुनांच्या माहेरची नोंद पूर्ण पानभर असावी. चाचणीतही स्त्रियांना सहभागी होता येते: आईवडील दोघांकडून आलेल्या डीएनएची जी चाचणी असते, तीत सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के आणि त्यांच्या मुलांमुलांत सुमारे तीन टक्के वाटा समान निघतो. त्याच्या पुढची पिढी आली की हा वाटा एक टक्क्याच्याही खाली येतो, आणि खऱ्याखुऱ्या नात्यातल्या सुमारे दहा टक्के जोड्यांत काहीच समान दिसत नाही. जुळणी दिसली नाही म्हणून नाते नाही, असे तिथे म्हणता येत नाही.

राहता राहिला प्रश्न गुप्ततेचा. एका माणसाचा नमुना ही त्याच्या एकट्याची माहिती नसते; त्याच्या सख्ख्या भावाची, मुलाची आणि पुतण्याचीही मालिका बहुधा तीच असते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत २०२३ मध्ये घुसखोरांनी सुमारे १४,००० खाती उघडली, पण नातेवाईक शोधून देणाऱ्या सोयीमुळे त्यांच्या हाती सुमारे ६९ लाख लोकांची माहिती लागली. त्याच कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा साठवलेल्या जनुकीय माहितीचे काय होणार या चिंतेने ग्राहक धास्तावले. संयोजक कितीही सज्जन असोत, खात्याचा परवलीचा शब्द कोणाकडे, नमुना देणारे वृद्ध गृहस्थ निवर्तल्यावर त्यांच्या निकालावर हक्क कोणाचा, आणि निकाल प्रसिद्ध करताना नावाऐवजी क्रमांक द्यायचा की नाही, याची उत्तरे तोंडी ठेवून भागत नाही. अज्ञान मुलांचे नमुने तर घेऊच नयेत.

संमेलनाचे निमंत्रण सहसा महिना-दोन महिने आधी घरोघरी पोहोचते. त्यात चाचणीचा उल्लेख असेल, तर नमुना कोण सांभाळणार, नंतर माघार घ्यायची झाल्यास कोणाला कळवायचे आणि निकाल न जुळणाऱ्या घरांविषयी संमेलनाचा ठराव काय आहे, हे तीन तपशील त्याच निमंत्रणात छापावेत, अशी सर्व संयोजकांना आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

कळावे,
आपला,
एक वाचक