माझा सीव्ही पुढे न पाठवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही यायला नको, या अटीवर तुम्ही हे पत्र सगळ्यांसमोर लिहू दिलंत. म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, की तुम्ही पुण्याकडच्या एका वाहन कंपनीत सप्लायर क्वालिटी, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या मालाचा दर्जा, बघता आणि मी नाशिकची. आपली ओळख कसली, तर पूर्वी कधीतरी तुम्ही आमच्या सातपूरच्या कारखान्यात कस्टमर ऑडिटला आला होतात, दिवसभर गेज कॅलिब्रेशनची, म्हणजे मापाची साधनं तपासल्याची, रजिस्टरं चाळलीत आणि संध्याकाळी आमच्या डिपार्टमेंटला एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमाप्रमाणे काम नसल्याचा शेरा) लावून गेलात. त्या दिवशी तुमचे आभार मानायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं!

मध्ये बरीच वर्षं गेली. मुलगी झाली, सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं, नोकरी सुटली. पुन्हा कामाला लागायचं ठरवलं तेव्हा लिंक्डइनवर तुम्ही दिसलात. मी रिक्वेस्ट पाठवली, तुम्ही ती घेतलीत, आणि मी लगेच सीव्ही पाठवून विचारलं, ‘ओळखीत कुठे पुढे पाठवाल का?’ तुमचं उत्तर आलं, ‘एका दिवसाच्या ऑडिटवरून मी तुमची खात्री देणार नाही. पण रविवारी फोन करा, प्रोफाइल बघू.’

त्या नकाराबद्दल आधी आभार. जवळच्या सगळ्यांनी ‘हो हो, पाठवतो ना’ म्हटलं होतं आणि पुढे त्या सीव्हीचं काय झालं, देव जाणे.

रविवारच्या फोनवर तुम्ही पुन्हा ऑडिटच घेतलंत. नावाखालच्या ओळीत नुसतं ‘क्वालिटी इंजिनिअर’ होतं. कास्टिंग की मशीन केलेले पार्ट? इनकमिंग, म्हणजे बाहेरून आलेला माल, बघत होतात की फायनल, म्हणजे तयार झालेला? पीपॅपची, म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची, फाइल स्वतः बांधलीत की फक्त सह्या गोळा केल्यात? सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या यंत्रावर, प्रोग्रॅम लिहिता येतो का, की तयार प्रोग्रॅम चालवता? मी एकेक सांगत गेले आणि तुम्ही म्हणालात, हेच लिहा, कारण भरती करणारा माणूस ‘मेहनती’ असा शब्द टाकून शोधत नाही, ‘पीपॅप’, ‘सीएमएम’, ‘एमएसए’ (मोजमापाच्या पद्धतीचीच तपासणी) असे शब्द टाकून शोधतो. मात्र कुठल्या ग्राहकाचा कुठला पार्ट, ड्रॉइंग नंबर काय, यातलं काहीही बाहेर पडता कामा नये, हेही तेव्हाच बजावलंत. नोकरी सुटली तरी गुप्ततेचा करार सुटत नाही, हे वाक्य मी आता दुसऱ्यांनाही ऐकवते.

मग आली रिकामी वर्षं. घरून सल्ला होता, की ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ म्हणून टाक, कोण बघायला येतंय? तुम्ही सांगितलंत, की बॅकग्राउंड चेकवाले बघायला येतात. लिंक्डइनने २०२२ पासून अनुभवाच्या रकान्यातच करिअर ब्रेक नोंदवायची सोय दिली आहे. पालकत्व, आजाऱ्याची शुश्रूषा, आजारपण, नोकरकपात, असं कारणही निवडता येतं. मी ती नोंद केली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. फोटोभोवतीचं, नोकरी शोधतेय असं सांगणारं ‘ओपन टू वर्क’चं हिरवं कडं लावायला मात्र माझा हात धजत नव्हता, सासरच्या गोतावळ्यातलं कुणी पाहिलं तर काय, म्हणून. नोकरीत असलेल्यांसाठी ही खूण फक्त रिक्रूटर्सना दिसेल अशीही ठेवता येते, आणि तरी ती आपल्याच कंपनीला मुळीच दिसणार नाही याची हमी लिंक्डइन देत नाही. पण माझी भीती ऐकून तुम्ही हसलात, ‘तुम्हाला साहेबच नाही, लपवता कुणापासून?’

सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही फोन ठेवता ठेवता सांगितलीत. मी ज्या काळात घरी होते, त्याच काळात आमच्या धंद्यात बरंच काही बदललं होतं. वाहन उद्योगातल्या दर्जाचं टीएस १६९४९ हे मानक जाऊन २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ आलं. एफएमईए म्हणजे बिघाड कुठे आणि कसा होऊ शकतो, हे आधीच मांडून ठेवायची पद्धत. २०१९ च्या तिच्या नव्या हँडबुकने आरपीएनचा, म्हणजे धोक्याचा आकडा काढायचा, गुणाकार बाजूला सारून अ‍ॅक्शन प्रायॉरिटी, म्हणजे आधी कशावर उपाय करायचा याची क्रमवारी, आणली. ‘हे शिका, आणि शिकताना अडलं की या कामातल्या लोकांनाच विचारा. नोकरी मागू नका, प्रश्न विचारा.’ नाशिकच्या माणसाला इंग्रजीत कशाला, मराठीत लिहा, हेही तुमचंच. त्यावर मी लिहिलेली नोट अशी होती: ‘नमस्कार सर, मी क्वालिटीत होते, आता परत येतेय. तुमच्याकडे जुने एफएमईए नव्या पद्धतीत बदलताना सुरुवात कुठून केलीत?’ सीव्हीला गप्प राहिलेली माणसं या प्रश्नावर भरभरून बोलली. एकांनी तर व्हॉइस नोट पाठवली, मागे प्रेस मशीनचा आवाज चालूच.

नाशिकच्याच अंबडमधल्या अशाच एका साहेबांशी महिनाभर कंट्रोल प्लॅनवर, म्हणजे उत्पादनात काय आणि कसं तपासायचं याच्या आराखड्यावर, बोलणं चालू होतं. त्यांच्याकडची जागा जाहिरातीत यायच्या आधी मला कळली ती त्यामुळे. इंटरव्ह्यूत अ‍ॅक्शन प्रायॉरिटी विचारली, सांगितली, नोकरी लागली.

नंतर कळलं, की मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं, की नवी बातमी जवळच्यांपेक्षा जेमतेम ओळखीच्यांकडून येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा निष्कर्ष आला. अगदी घट्ट नाही आणि अगदी परकीही नाही, अशी ओळख नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडते, असं त्यात दिसलं. म्हणजे एनसी लावून गेलेल्या बाईंइतकी ओळख, असं मी समजते.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले. ‘रजिस्ट्रेशन फी भरा, ऑफर लेटर देतो’ म्हणणाऱ्याचा मेसेज मी तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही एका शब्दात उत्तर दिलंत: ‘ब्लॉक.’

तुमचा एक सल्ला मात्र मी मानलेला नाही, आणि मानेन असं वाटत नाही. आठवड्याला एक पोस्ट टाका, म्हणालात. ताई, त्या फीडवर जो तो ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो’ने सुरुवात करतो, तीनदा नम्र होतो आणि शेवटी पन्नास जणांना टॅग करतो. तिथे मी काय लिहू? पॉलिटेक्निकची मुलं गेज आर अँड आरबद्दल, म्हणजे मापाच्या साधनावर किती भरवसा ठेवायचा याबद्दल, काही विचारतात, तेव्हा मी खाली सविस्तर उत्तर देते, गणित करून दाखवते. तेवढ्यावर भागेल का, की यावरही एनसी लावणार आहात?

तुमची,
नाशिकची एक क्वालिटी इंजिनिअर