लेगोच्या घराला मागची भिंत देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही आम्हा मायलेकींना जे शिकवलंत ते घरात ठोकळ्यांचा डबा असलेल्या कुणाच्याही उपयोगी पडेल, आणि तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं मनापासून वाटतं.

लेकीच्या लेगोच्या घराला मागची भिंत नव्हती. खेळताना हात आत जावा म्हणून अशी घरं बहुधा मागून उघडीच असतात. तिला मात्र ते चारी बाजूंनी बंद आणि दुमजली हवं होतं, वरचा मजला उचलून आत डोकावता येईल असं. मी मोठा संच घ्यायच्या विचारात होते. तुम्ही म्हणालात, "आहे त्यातच होईल, आधी मोजू या."

भिंतीपासून सुरुवात केलीत. सांध्यावर सांधा आला की उचलताना भिंत तिथेच फाकते, म्हणून गवंडी करतात तशी सांधेमोड करायची. कोपऱ्यात एका थराला या भिंतीचा ठोकळा पुढे काढायचा, पुढच्या थराला त्या भिंतीचा. मजला सुटा ठेवायची युक्तीही तुमचीच. भिंतीच्या माथ्यावर गुळगुळीत टाइल (वर उंचवटे नसलेले चपटे तुकडे) लावायच्या आणि मोजकेच स्टड, म्हणजे ठोकळ्यावरचे गोल उंचवटे, मोकळे ठेवायचे. मजला सरकत नाही आणि उचलताना भिंत सोबत येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते मोजमाप. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, प्लेटची, म्हणजे चपट्या ठोकळ्याची, ३.२. तीन प्लेट म्हणजे एक ठोकळा, हे लेकीला हाताने माहीत होतं. तुम्ही तिला कागद दिलात आणि विचारलंत, प्लेटची चळत आडवी केली तर ती स्टडांच्या मापात कधी बसेल? आणि मग गप्प बसलात. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, तुम्ही नजरेनेच थांबवलंत. ३.२, ६.४, ९.६, १२.८, १६. पाच प्लेट म्हणजे बरोबर दोन स्टड! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून ती बाजूला स्टड असलेले ठोकळे वेगळे काढून ठेवते, आडव्या प्लेट त्यांवर बसतात म्हणून. खिडक्यांची झडपं, दारावरची पाटी, जोत्याची आडवी पट्टी, हे सगळं त्या एका हिशेबातून आलं. उत्तर तुम्ही सांगितलं असतंत तर झडपं झाली असती, पण पुढचं काही तिने स्वतःहून शोधलं नसतं. याबद्दल तुमचे आभार किती मानू?

त्याच हिशेबाची दुसरी बाजूही तुम्ही लपवली नाहीत. स्टडचा व्यास ४.८, म्हणजे दोन स्टडांमधली फट ३.२. "मग प्लेट उभी खोचता येईल की," असं ती म्हणाली. कागदावर तिचं बरोबरच होतं. तुम्ही एक जुनी प्लेट खोचायला लावलीत आणि मग काढायला. जागा तंतोतंत, मोकळीक काहीच नाही, त्यामुळे दोन्ही भागांवर ताण राहतो. जोर करून बसवायचं नाही, वेगळा तुकडा शोधायचा, हे तिला तेवढ्यावरून पटलं. दार मधोमध येत नव्हतं तेव्हा तिने स्वतःच जंपर प्लेट शोधून काढली, अर्धा स्टड सरकवणारी.

आणि तुमचा तो लहानपणीचा डबा! आत नळ्या असलेल्या ठोकळ्याचं पेटंट डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला दाखल झालं आणि जोडणी तीच राहिली, म्हणून तुमचे ठोकळे आमच्यावर घट्ट बसले. मशीनमध्ये न टाकता कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, हाताने धुवायला सांगितलंत. पांढरे ठोकळे उन्हाने पिवळे पडले होते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळता येतात असं मी वाचलं होतं, पण तुम्ही ते तसेच मागच्या भिंतीत इथे-तिथे बसवायला लावलेत. गिलावा जुना झालेली भिंत हुबेहूब तशीच दिसते. नव्या ठोकळ्यांनी ती कळा आली नसती.

उरलेले भाग आम्ही स्टुडिओ या कॉम्प्युटरवर लेगो रचायच्या प्रोग्राममध्ये आधी घर रचून, मोजून, ब्रिकलिंक या लेगोचे सुटे भाग मिळणाऱ्या वेबसाइटवरून सुटेच मागवले. नवा संच घेतला नाही.

आता जिना चालला आहे. गोल फिरणारा हवा, असा हट्ट आहे, आणि एका पायरीला किती प्लेटची उंची द्यायची यावर आमचं एकमत होत नाही. लेकीने कागदावर दोन्ही हिशेब मांडून ठेवले आहेत. सवड झाली की नक्की या.

तुमच्या वेळेबद्दल, डब्याबद्दल आणि त्या गप्प बसण्याबद्दल मनापासून आभार.

तुमची,
लेगोच्या घरवालीची आई