तात्यांचा फोन काढून घेऊ नकोस

वाई,
रविवार संध्याकाळ

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज पूर्ण ऐकला. फोनवर बोलायचं म्हटलं तर माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सारखं गिऱ्हाईक, चार वाक्यंही सलग होत नाहीत. म्हणून आज निवांत लिहायला बसलो. तात्यांचा स्मार्टफोन काढून घ्यायचा आणि वडिलांना बटणाचा साधा फोन द्यायचा, असं तू ठरवून टाकलं आहेस. तसं करू नकोस. का ते सांगतो, शेवटपर्यंत वाच.

आधी त्यांच्या फोनला झालं होतं काय ते. तात्या दुकानात आले तेच कावरेबावरे होऊन. “शिवा, व्हायरस शिरलाय बघ, सारखा बोंबलतोय.” फोन काउंटरवर ठेवला तोवर वरून एक पट्टी उतरली. लाल त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि मजकूर असा की फोनमध्ये व्हायरस सापडलेत, लगेच साफ केलं नाही तर सिम खराब होईल. ती गेली की पाठोपाठ दुसरी. बिचाऱ्यांनी भीतीपोटी फोन दोन दिवस बंद करून ठेवला होता. तू फोन लावलास आणि लागत नव्हता, तो म्हणूनच.

ती पट्टी मी उघडली नाही, नुसती दाबून धरली. खाली बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आलं आणि त्यापुढे कुठल्यातरी भलत्याच साइटचा पत्ता. तिथेच निदान झालं. तात्या रोज सकाळी पंचांग आणि हळदीचा भाव बघतात. शोधता शोधता कधीतरी अशा पानावर गेले असणार जिथे “तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा” असं येतं. त्यांनी दाबलं. त्या एका बोटासरशी त्या साइटला वाटेल तेव्हा नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळाली. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, तिथे त्या साइटची परवानगी काढली आणि फोन गप्प झाला. हे तूही लक्षात ठेव: वेबसाइटच्या पानाला आपल्या फोनच्या आत डोकावून व्हायरस शोधता येतच नाही. त्यामुळे जे पान “व्हायरस सापडला” म्हणून ओरडतं ते खोटं बोलतंय, हे न तपासता धरून चालायचं. धोका ओरडण्यात नसतो, त्याखालच्या बटणात असतो. ते दाबलं की सफाईच्या नावाखाली भलतंच ॲप येऊन बसतं.

मला खरी धास्ती वाटली ती डाउनलोडचं फोल्डर उघडल्यावर. तिथे आरटीओच्या चलनाच्या नावाची एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, पडली होती. तात्यांच्या भाच्याच्या व्हॉट्सॲपवरून आलेली, म्हणजे ओळखीच्या माणसाकडून. भाच्याला त्याचा पत्ताच नाही. त्याने ती स्वतः उघडली होती आणि मग त्याच्या फोनवरून ती आपोआप सगळ्या नातेवाइकांना गेली. दत्ता, हा प्रकार सध्या आपल्या भागात फार चाललाय. कधी चलन, कधी लग्नपत्रिका, कधी पीएम किसान, कधी बँकेची केवायसी. ॲप बसलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जातो. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली तर मग संपलंच, ते ॲप पडद्यावरचं सगळं वाचतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबतं. तात्यांनी फाइल उतरवली, पण “अनोळखी ठिकाणाहून ॲप घेताय” असा इशारा आल्यावर मागे फिरले. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. आपल्याला कळत नाही तिथे हात घालायचा नाही, ही शेतकऱ्याची सावधगिरी. ज्या माणसाला तू “त्यांना काही समजत नाही” म्हणतोस, त्याच माणसाने हे केलंय.

ती फाइल मी काढून टाकली, गुगलच्या प्ले प्रोटेक्ट तपासणीने फोन तपासला, भाच्यालाही बोलावून घेतलं. खरं चलन ॲपच्या रूपात कधीच येत नाही. परिवहनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून ते बघता येतं, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेव.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं उरकल्यावर मी चहा मागवला. तात्या बराच वेळ कप हातात धरून बसले आणि मग हळूच म्हणाले, “अजून एक झालंय. दत्ताला सांगू नकोस.” त्यांना व्हिडिओ कॉल आला होता. समोर वर्दीतला माणूस, मागे पोलिसांचं बोधचिन्ह. तुमच्या आधारवर मुंबईत सिम घेतलंय, त्यावरून पैशाची अफरातफर झालीय, तुमच्या नावाने अटक वॉरंट निघालंय. दार लावून घ्या, कॉल बंद करायचा नाही, घरात कुणाला बोलायचं नाही. तात्या खरंच माजघरात दार लावून बसले. काकी बाहेरून जेवायला हाका मारतायत आणि हे आत घामाघूम. शेवटी काकींनी कडी वाजवून वाजवून दार उघडायला लावलं, त्या गडबडीत कॉल तुटला. पैसे गेले नाहीत. पण माणूस आठवडाभर झोपला नाही.

“दत्ताला का नाही सांगितलं?” मी विचारलं. म्हणाले, “तो ओरडेल. फोन काढून घेईल.”

हे तुला कळवू का, असंही त्यांना विचारलं. “तूच सांग, माझ्याने व्हायचं नाही,” म्हणाले. म्हणून सांगतोय. तुझ्यावर ठपका ठेवायचा म्हणून नाही. तू त्यांच्यासाठी किती जीव टाकतोस ते मला माहीत आहे. पण त्यांना तुझी जी भीती वाटते, ती त्या चोरांच्या फार कामाची आहे. त्यांचा सगळा धंदा ‘घरात कुणाला सांगू नका’ या एका वाक्यावर उभा आहे. माणूस घरच्यांपासून तोडला की पुढचं सोपं. आणि जो बाप आधीच पोराला सांगायला कचरतो, त्याला तोडायला कितीसा वेळ लागणार?

हे फक्त खेड्यातल्या म्हाताऱ्यांचं होतं असं समजू नकोस. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, पद्मभूषण मिळालेला उद्योगपती. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना अशाच टोळीने गाठलं. स्काइपवर अहोरात्र पहारा, खोटं सुप्रीम कोर्ट, सरन्यायाधीश म्हणून बोलणारा तोतया, कोर्टाचा शिक्का मारलेला आदेशसुद्धा. ७ कोटी रुपये गेले. पुढे पोलिसांनी ५ कोटी २५ लाख परत मिळवून दिले, तेही तक्रार झाली म्हणून. एवढा मोठा कारभार सांभाळणारा माणूस जर त्यात सापडतो, तर तात्यांना कुठल्या तोंडाने नावं ठेवायची? व्हिडिओ कॉलवरच्या या खोट्या अटकेला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे उघड सांगितलं. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, चौकशीसाठी पैसे भरायला सांगत नाही. तात्यांना हे मी सांगितलंच, पण तूही सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की त्यांच्या मनातली धाकधूक जाईल.

आणि समजा, उद्या कुणाचे पैसे गेलेच, तर ओरडण्यात घालवायला वेळच नसतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार ठिकाणी असे पळत सुटतात. ही भाड्याने घेतलेली खाती असतात, गरजू पोरांना दोन-चार हजार देऊन उघडायला लावलेली. सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन केला तर तक्रार पोर्टलवर चढते आणि ज्या बँकेत पैसे पोचलेत तिथे ती रक्कम अडवता येते. पुढे गेली किंवा एटीएममधून निघाली की मग हात चोळत बसायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तर स्पष्ट केलं होतं: आपणच पिन किंवा ओटीपी सांगून बसलो असलो तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे बँकेला किती लवकर कळवतो यावर सगळं आलं. माझ्या दुकानात असे लोक येतात, तीन-तीन दिवस कुणाला न सांगता राहिलेले. विचारलं की उत्तर ठरलेलं, मुलगा रागावेल, नवरा रागावेल, सून काय म्हणेल. ते ऐकून मला फार वाईट वाटतं रे. चोराने लुबाडलं एकदा आणि घरच्यांच्या धाकाने उरलेलं गेलं.

बटणाच्या फोनने यातलं काही थांबत नाही, हेही लक्षात घे. कॉल त्यावरही येतो. “आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा” असे महावितरणच्या नावाचे खोटे एसएमएस साध्या फोनवरही येत होतेच. ओटीपी बटणाच्या फोनवरूनही सांगता येतो. थांबेल ते एवढंच: सकाळचा हळदीचा भाव, एकादशीचं कीर्तन, आणि रात्री तुझ्या चिमीचा व्हिडिओ कॉल. काकी सांगत होत्या, साडेआठ वाजले की तात्या फोन पुसून तयार बसतात.

आता मी काय काय केलंय ते सांगतो. मोठी रक्कम असलेल्या खात्यावरून यूपीआय काढलं. पेन्शनच्या खात्यावरच ठेवलंय, आणि ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करून दिलीय. पैसे मिळवायला पिन लागत नाही, पिन म्हणजे पैसे जाणार, हे त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावला, लिंक केलेली उपकरणं तपासली, अनोळखी कॉल गप्प केले. *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का तेही पाहिलं, नव्हते. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ साइटवर त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं तर एक नंबर असा निघाला जो त्यांच्या ओळखीचाच नाही. तो ‘माझा नाही’ म्हणून कळवून टाकला. त्या वर्दीवाल्याच्या कॉलची नोंदही तिथेच ‘चक्षू’ या संशयास्पद कॉल कळवायच्या सोयीत केली. आधारचं बायोमेट्रिक मात्र मुद्दाम लॉक केलं नाही. तू म्हणशील कर, पण रेशनला अंगठा लागतो, आणि दर वेळी तिथे उभं राहून लॉक उघडणं त्यांना जमायचं नाही. सुरक्षेपायी माणसाचं रेशन अडायला नको.

बँकेच्या नावाने कॉल आला तर नंबर १६०० ने सुरू होतो का ते बघायचं आणि शंका आली तर ठेवून पासबुकवरच्या नंबरला आपण करायचा, असं शिकवलंय. बँकांच्या साइटचा पत्ताही आता डॉट बँक डॉट इन असा संपतो, पण ते तात्यांच्या फारसं उपयोगाचं नाही, ते तू ध्यानात ठेव. आणि कुणी फोनवर स्क्रीन दाखवायला किंवा एनीडेस्कसारखं, लांबून फोन चालवू देणारं ॲप घ्यायला सांगितलं, तर सांगणारा कुणीही असो, फोन ठेवायचा. रिझर्व्ह बँकेने या ॲपवरून २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, मीही दुरुस्तीला वापरतो, पण समोरच्याच्या हातात आपला फोन देण्यासारखंच ते आहे.

उरलेलं काम तुझं आहे, माझ्याने होणार नाही. तात्यांना फोन कर आणि त्या कॉलबद्दल आपणहून विचार. मध्ये बोलू नकोस, सगळं ऐकून घे. “आईने दार वाजवलं ते बरं झालं” एवढं म्हण. “असं कसं बसलात तुम्ही” हे वाक्य मात्र चुकूनही काढू नकोस. मग त्यांना सांग, की असा कॉल पुन्हा आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला लाव, पैसे गेले असले तरी लाव, मी एक शब्द बोलणार नाही. आणि खरंच बोलू नकोस. घरात एक परवलीचा शब्दही ठरवा, कारण उद्या तुझ्या आवाजात “अपघात झालाय, पैसे पाठवा” असाही फोन येऊ शकतो. शब्द तात्यांनाच ठरवू दे.

तुझ्या स्वतःच्या फोनचंही बघ. गेल्या खेपेला हातात घेतला होता तेव्हा त्याचे सिक्युरिटी अपडेट बंद पडलेले दिसले, आणि तू त्याच्यावरच सगळी बँक चालवतोस. सणाला येशील तेव्हा घेऊन ये, नवा घ्यायचा की कसं ते बसून ठरवू. तात्यांच्या फोनची काच कडेला चिरलीय, ती मागवलीय, बुधवारपर्यंत येईल. त्याचे पैसे पाठवू नकोस.

वहिनींना नमस्कार, चिमीला गोड पापा.

तुझा,
शिवा