कलर मोठा की सिक्वेन्स?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मांडवीतल्या कॅसिनोंवर दर दोन दिवसांनी काहीतरी छापून येतं, जहाजं हलवा, हलवू नका, ट्रॅफिक, पार्किंग. त्या वादात मला पडायचं नाही, मी त्या जहाजावर कधी पाय ठेवलेला नाही आणि तसंही आम्हा गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे. पण पोकर पोकर एवढं कानावर पडतं तरी त्यात कोणाची पानं मोठी हे आपल्याकडे धड कोणाला माहीत नसतं, आणि त्यावरून यंदा चवथीला आमच्या घरात जे झालं ते सांगायलाच हे पत्र.

आरत्या झाल्या, घुमटं खाली ठेवली, नेवऱ्यांचा डबा एकदा फिरला की आमच्याकडे पत्ते निघतात. तीन पत्ती. पैसे लावायचे नाहीत हा आईचा कायदा, त्यामुळे काजूच्या बिया लावतो. यंदा पुण्याहून आलेला भाचा म्हणाला पोकर खेळू, पाच पाच पानं वाटायची, नको ती एकदा बदलून घ्यायची, बाकी सगळं तुमच्यासारखंच. हे 'बाकी सगळं तुमच्यासारखंच' नडलं बघा. तासाभराने एक मोठा डाव झाला, मध्ये बियांचा चांगला ढीग, काकांनी शो मागितला आणि पाच ते नऊ लागोपाठ पानं उलटी टाकली. भाच्याकडे पाचही बदाम, वर राणी. काका ढीग ओढायला लागले तर भाचा म्हणतो थांबा काका, कलर मोठा. काका भडकले, "चाळीस वर्षं खेळतोय, सिक्वेन्स कलरला खातो, तू मला शिकवतोस?"

गंमत अशी की दोघंही बरोबर होते, आपापल्या खेळात.

मी रात्री वही घेऊन बसलो (झोप येत नव्हतीच, शेजारी फटाके). पोकरमधला नंबर कोणी मनाने लावलेला नाही, जे कमी वेळा येतं ते मोठं. ५२ पानांतून पाच पानं २५,९८,९६० प्रकारे येऊ शकतात. त्यात साधा सिक्वेन्स १०,२०० वेळा, साधा कलर ५,१०८ वेळा. म्हणजे कलर जवळजवळ निम्म्याने दुर्मिळ, म्हणून मोठा. तीन पत्तीत एकूण प्रकार २२,१००, त्यात सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे बरोब्बर उलटं. कारण साधं आहे, तीन पानं एका रंगाची जमणं फार कठीण नाही पण चौथं आणि पाचवंही त्याच रंगाचं यायला पाहिजे म्हटलं की दम निघतो, सिक्वेन्सला मात्र प्रत्येक वाढीव पान चारही रंगांतलं कुठलंही चालतं.

बाकी क्रमही याच हिशोबाने. सगळ्यात वर रॉयल फ्लश, एकाच रंगाचे दश्शी गुलाम राणी राजा एक्का, अख्ख्या कॅटमध्ये फक्त ४. मग स्ट्रेट फ्लश म्हणजे आपला प्युअर, एकाच रंगाची लागोपाठ पानं, ३६. मग एकाच नंबरची चारही पानं, ६२४. त्याखाली फुल हाऊस, तीन एका नंबरची आणि जोडीला दोन दुसऱ्या नंबरची, ३,७४४, हे आपल्याकडे नाहीच त्यामुळे आमच्या आत्याला तीन सत्त्या आणि दोन राजे आले तर ती बिचारी पॅक करायला निघाली होती. मग कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर सगळ्यात मोठं पान.

अजून दोन ठिकाणी आपली माणसं हमखास अडकतात. आमच्याकडे एक्का-दुर्री-तिर्री दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स, पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान, त्या सिक्वेन्समध्ये एक्क्याची किंमत एक धरतात. आणि इस्पिक बदामपेक्षा मोठं वगैरे काही नाही, दोघांची पानं सारखी असली तर ढीग अर्धा अर्धा.

सकाळी चहाच्या वेळी वही काकांपुढे ठेवली. काका शाळेत गणित शिकवायचे हे मी विसरलोच होतो. चष्मा लावून त्यांनी सगळे आकडे परत करून बघितले, बियांचा डबा गुपचूप भाच्याकडे सरकवला, मग पेन घेऊन तीन पत्तीच्या पानावर दोन आकड्यांना गोल केला. ट्रेल (तिन्ही पानं एकाच नंबरची) ५२, प्युअर ४८. "कमी येतं ते मोठं ना? मग आपल्याकडे ट्रेल वर कसा?" खरंच की, प्युअर चारने कमी आहे आणि तरी पिढ्यानपिढ्या ट्रेलच वर. माझ्याकडे उत्तर नव्हतं, भाच्याकडेही नव्हतं. आपल्या वाचकांत कोणी जुना खेळाडू असेल तर कळवावं, कारण काका म्हणतात पुढच्या चवथीला आमच्या घरात प्युअर वर, आणि आत्या म्हणते असं असेल तर ती खेळणार नाही.

आपला,
एक वाचक, सांखळी