सगळेच ‘आकर्षित’ का?

हल्ली बातम्यांत सगळे एकाच क्रियापदावर येऊन थांबतात. धबधबा पर्यटकांना ‘आकर्षित करतो’, राज्य गुंतवणूक ‘आकर्षित करते’, तरुण शेतीकडे ‘आकर्षित होतात’. काही ठिकाणी तर ‘ओढले जातात’. जणू कुणी दोरखंड बांधला आहे!

मराठीत ओढ ‘लागते’, ओढा ‘असतो’, भुरळ ‘पडते’. आषाढी जवळ आली की वारकऱ्याला पंढरीचे वेध लागतात. हे वेध ग्रहणाचे. ग्रहण लागण्याआधीच ते सुरू होतात, म्हणून होऊन गेलेल्या सोहळ्याचे ‘वेध लागले’ असे छापणे चूक. अशी वाक्ये मात्र सर्रास दिसतात.

ओढाळ हा शब्दही तसाच मागे पडला. कळप सोडून दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणारे ढोर ते ओढाळ. त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात; धावायला गेले की तो गुडघ्यांवर आपटतो. ‘गळ्यात लोढणे’ म्हणतो ते हेच. बहिणाबाईंचे ‘मन वढाय’ याच गोठ्यातले. आज शाळेत ती कविता शिकवताना ‘वढाय म्हणजे चंचल’ एवढ्यावर भागवतात, आणि त्यातले ढोर निसटते.

‘आकर्षण’ टाकून द्या असे मी म्हणत नाही. ‘गुरुत्वाकर्षण’ला दुसरा शब्द कशाला शोधायचा? पण नोकरदाराची गावाकडची ओढ ‘आकर्षण’ नव्हे. गणपतीच्या तोंडावर कोकणात निघालेल्या चाकरमान्याला विचारून पाहा.

– एक वाचक, बार्शी