सोमवारी काउंटरवर उभा राहशील तेव्हा

चि. निखिल,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर 'बाबा, कॅशला घेतलंय' एवढं म्हणालास आणि रेंज गेली. देवळाच्या चढावर जाऊन परत लावला, तर तुझा बिझी. बाकीचं आईकडून कळलं. सोमवारपासून, सीवूड्सच्या मॉलमध्ये, कपड्यांच्या दुकानात, दुपारची शिफ्ट. विलास उद्याच्या गाडीने ठाण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. अर्धी कौलं अजून चढायची आहेत, नाहीतर मीच निघालो असतो.

बरं वाटलं रे. संध्याकाळी भाऊंच्या ओटीवर नेहमीचा प्रश्न आला, 'निखिल काय करतो हल्ली?' इतकी वर्षं मी 'अभ्यास चालू आहे' म्हणायचो आणि बोलणं पावसापाण्याकडे न्यायचो. काल मात्र मॉल स्टेशनच्या डोक्यावरच कसा आहे, ठाण्याला पनवेल गाडी धरली की थेट दारात कसं उतरता येतं, सगळं सांगून झालं. आत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, तरी.

आता फक्त कॅशबद्दल दोन शब्द, मग थांबतो.

गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली की 'पाचशे घेतले' असं मोठ्याने म्हण. सुटे परत देईपर्यंत ती नोट ड्रॉवरमध्ये टाकू नकोस, बाहेर समोर ठेव. 'मी पाचशे दिले होते, तुम्ही दोनशेचे सुटे देताय' हे भांडण मी कंडक्टर असताना एसटीत रोजचं होतं. ज्याची नोट पिशवीत गेली त्याला काय दाखवणार? म्हणून तर आम्ही उरलेले पैसे तिकिटाच्या मागे लिहून द्यायचो. मोबाइलवरून पैसे भरणारा नुसता स्क्रीनशॉट पुढे करेल, तो बघायचाच नाही. तुमच्या मशीनवर आले तरच आले. आणि तुझ्या लॉगिनवर दुसऱ्या कुणाला बिल फाडू देऊ नकोस, पाणी प्यायला गेलास तरी बंद करून जा. मी पिशवी ड्रायव्हरकडेसुद्धा कधी दिली नाही, आणि आमचे ड्रायव्हर देवमाणसं होती.

अण्णांचं तुला अर्धवट माहीत आहे. पैशांचा आळ त्यांच्यावर शाबीत झाला नाही, पण दुकानाने घरी बसवलं ते बसवलंच. काकू त्यानंतर बाजारात मागच्या गल्लीने जायला लागली. त्या शेठने हिशेब दाखवला असता तर गोष्ट वेगळी होती.

बघ, दोन शब्द म्हणालो होतो. माफ कर. तुला बी.कॉम.ला अकाउंट्समध्ये किती मार्क होते ते माझ्या लक्षात आहे, आणि मी तुला नोटा मोजायला शिकवतोय.

पण तू मोजायला शिकलास ते घरातच. दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीसाठी मी चिल्लर जमवून आणायचो, ती तू फरशीवर ओतायचास. चार आण्यांची चळत, आठ आण्यांची चळत, आणि रुपया मात्र तुझ्या खिशात. आई ओरडायची, वास येतो हाताला. खरंच यायचा. भिवंडीच्या पहिल्या गाडीतले लूमवाले घामाने भिजलेल्या नोटा द्यायचे, त्या एकमेकींना चिकटायच्या. मी कोपऱ्याला फुंकर मारून सोडवायचो, आणि तू कोऱ्या नोटांनासुद्धा फुंकर मारायचास. नोटाबंदीच्या दुसऱ्या दिवशी, 9 नोव्हेंबर 2016 ला, मी खोपटच्या एसटी डेपोत पोचलो तेव्हा सगळ्यांच्या हातात पाचशे आणि सुटे कुणाकडेच नाहीत. त्या दिवशीसुद्धा टॅली जुळली होती. दहाच्या नाण्यावरून तर रोज कटकट. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगितलं की चौदाच्या चौदा प्रकार चालतात, तरी माणसं घ्यायची नाहीत. तू घे. वाद घालू नकोस.

आणि कधी शॉर्ट आलीच, तर गुपचूप स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसू नकोस. एकदा भरलेस की तूच कबूल केल्यासारखं होतं. तुझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पगारातून तूट कापता येत नाही, कायदाच तसा आहे. शांतपणे सांग, लिहून दे, कागदाची प्रत ठेव.

परत कॅशच.

मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारलं म्हणे, आणि तू 'परीक्षा दिल्या, झालो नाही' असं सरळ सांगितलंस. आईने हे सांगितलं तेव्हा मी शिडीवर होतो, खाली उतरलो. मला नसतं जमलं. पुण्याच्या अभ्यासिकेतला कुणी अधिकारी होऊन तुझ्यासमोर शर्ट घेऊन उभा राहिला तर काय, असं ताईजवळ म्हणालास असं कळलं. ती माझ्याशी बोलली म्हणून तिच्यावर चिडू नकोस. राहील उभा. त्याचंही बिल कर, कॅरी बॅग हवी का विचार. जास्त काही बोलायची गरज नाही.

दिवसभर उभं राहायचंय, नवीन बूट पहिल्याच दिवशी घालू नकोस. डबा आई देईलच. रात्रीची गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघ, पण निघालास की तिला कळव. मी इथून कौलं आटोपून पंधरवड्यात येतो.

तुझा,
बाबा

ता. क. सोमवारी ड्रॉवर ताब्यात घेताना आतले पैसे त्यांच्यासमोर स्वतः मोजून घे. ते 'बरोबर आहेत' म्हणाले तरी मोज.